मागची सीट

2017 च्या सप्टेंबरात कपाशी छातीएवढी झाली होती. आमच्या शेजारच्या वावरातला सालदार फवारणी करता करता धुऱ्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "मले समोरचं दिसून नाही रायलं." तोंडातून लाळ गळत होती, बुब्बुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्याच्या भावानं त्याला पाठीवर टाकून माझ्या अंगणात आणलं. मी काही न बोलता किल्ली घेतली. गावापासून यवतमाळचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल चाळीसेक किलोमीटर. वाटेत तो चारदा ओकला. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. हा वाचला. वॅगनआरच्या मागच्या सीटला मात्र औषधाचा तो वास दिवाळीपर्यंत राहिला. बायकोनं सोडा टाकून दोनदा घासली, उन्हात दारं उघडी ठेवली. उन्हं तापली की तो वास परत वर यायचा.

गाडी घेतली 2013 साली. निवृत्तीला एक वर्ष झालं होतं, हातात पैसे आले होते. आयुष्यभर सायकल, मग लूना, मग स्कूटर चालवून शाळा केली, म्हणून एक चारचाकी. तेव्हा वाटलं होतं की आम्ही दोघं माहूरला जाऊ, शेगावला जाऊ. गेलोही. पण माझ्या गाडीच्या किलोमीटरांचा खरा हिशेब लावला, तर निम्म्याहून जास्त दवाखान्याचे निघतील. तांड्यावरची अडलेली बाळंतीण, साप चावलेला पोरगा, गळ्यात तुरीचा दाणा अडकलेलं लेकरू, छातीत कळ आलेले पाटील. शकुंतला ही आमची नॅरोगेज आगगाडी चालू होती तेव्हा दारव्ह्याहून यवतमाळला निदान त्या छोट्या गाडीत बसता यायचं. आता रात्री नऊनंतर आमच्या फाट्यावर काहीच थांबत नाही. अँब्युलन्सला फोन लावायचा तो लावतोच, पण ती तालुक्याहून निघून गावात पोचेपर्यंत जीव टांगणीला लागतो. म्हणून माणसं आधी ज्याच्या अंगणात गाडी उभी आहे त्याचं दार वाजवतात.

हे सगळं आठवायला यंदा एक साधं कारण झालं. नोव्हेंबरात गाडीचा विमा संपत होता.

मुलाचा पुण्याहून फोन आला. तो हिशेबी आहे आणि त्याचा हिशेब बरोबर असतो. म्हणाला, "बाबा, गाडी बारा वर्षांची झाली. आता फुल इन्शुरन्स कशाला भरता? कायद्यानं लागतो तेवढा थर्ड पार्टी घ्या आणि मोकळे व्हा." त्यानं आकडेही सांगितले. हजार सीसीच्या आतल्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता सरकारनं 1 जून 2022 पासून 2094 रुपये ठरवून दिलाय. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 2471. हा आकडा कुठल्याही कंपनीत तोच. चालवणारा पंचविशीचा असो की एकाहत्तरीचा, त्यात वयाचा प्रश्न येत नाही, फक्त इंजिन किती सीसीचं ते बघतात. हे ऐकून मला बरं वाटलं, लपवत नाही. या वयात पुष्कळ ठिकाणी वय सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो.

बाकी राहिलं ते आपल्या गाडीच्या नुकसानीचं, ज्याला आपण फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतो. तिथे मुलाचं म्हणणं बिनतोड होतं. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत, म्हणजे ती आयडीव्ही, कंपनी आणि आपण मिळून ठरवायची. माझ्या गाडीची धरली एक लाख चाळीस हजार. गाडी पार गेली तर तेवढे मिळतील, पण अशी पार कधी जाते? जाते ती बंपर, हेडलाइट, दरवाजा. आणि तिथे घसारा कापतात. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे. पत्रा दहा वर्षांपुढचा असेल तर त्याचेही निम्मे. रंगाच्या सामानाचे निम्मे. काचेला मात्र घसारा कापत नाहीत. घसारा न कापणारं झिरो डेप बहुतेक कंपन्या पाचेक वर्षांपर्यंतच्या गाडीला देतात, माझ्या गाडीला कोणी दिलं नाही.

मी हे अनुभवलेलंही आहे. तीन वर्षांपूर्वी फाट्याजवळ संध्याकाळी रोही (नीलगाय) आडवा आला. आमच्याकडे रस्त्यावर रोही आणि रानडुक्कर यांची भीती ट्रकपेक्षा जास्त. त्यानं उडी मारली, मागचा पाय समोरच्या बाजूला लागला, बंपर आणि एक हेडलाइट गेला. गॅरेजवाल्यानं सात हजार चारशेचं बिल सांगितलं. क्लेम करायचा म्हणून कागदावर मांडलं. घसारा जाऊन चारेक हजार, त्यातून सक्तीचे वजा होणारे एक हजार, उरले तीन. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर. तो बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पहिल्या वर्षी वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस असा चढत पाच वर्षांनी पन्नासावर पोचतो. माझा पन्नासावर होता. तीन हजारांसाठी तो घालवला असता तर पुढच्या एका हप्त्यातच जवळपास तेवढे गेले असते. मी खिशातून भरले. मुलगा नेमकं हेच म्हणत होता, "तुम्ही क्लेम करतच नाही, मग भरता कशाला?"

मलाही पटलं. एजंटला फोन करून सांगितलं की या वर्षी थर्ड पार्टीच कर.

एजंट म्हणजे माझाच विद्यार्थी. चौथीत पाढे पाठ नसायचे, आता तालुक्यात दुकान टाकून बसलाय, मोबाईलवर बोटं फिरवत पाच मिनिटांत पॉलिसी काढतो. त्याच्या दुकानात बसलो होतो. चहा आला. कागद पुढे करताना तो सहज बोलला, "गुरुजी, यात गाडीत बसलेल्या माणसाचं काही नाही हां."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे रस्त्यावरचा माणूस, दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचं जनावर, ते सगळं आलं. पण तुमच्या गाडीत मागं कोणी बसलं हाय अन् तुमच्या हातून गाडी उलटली, त त्याचं यात येत नाही."

माझा विश्वास बसेना. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. मी पहिला, कंपनी दुसरी, आणि मागे बसलेला शेजारी तिसराच नाही का? आयुष्यभर व्याकरण शिकवलं, मला हा अर्थ सरळ वाटत होता. घरी आलो आणि पुढचे आठ दिवस तेच वाचलं. दारव्ह्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका ओळखीच्या मुलालाही विचारलं. एजंट पोरगा बरोबर बोलत होता. खासगी गाडीतून फुकट नेलेला माणूस कायद्यानं सक्तीच्या केलेल्या विम्यात धरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2012 च्या एका निकालात हे स्पष्ट केलंय, आणि त्याच निकालात हेही, की पॅकेज पॉलिसी म्हणजे आपली फुल पॉलिसी असेल तर आत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते. विमा नियामकानं 2009 मध्येच कंपन्यांना तसं परिपत्रक काढून कळवलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. फवारणीतला तो सालदार डोळ्यांपुढे येत राहिला. त्या दिवशी मी ऐंशीच्या वेगानं गेलो होतो, आयुष्यात तेवढा वेग कधी घेतला नाही. सोयाबीन वाळायला घातलेल्या रस्त्यावरून चाक घसरलं असतं तर? तेव्हा पॉलिसी फुल होती हा केवळ योग. ती तशी का आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. मी ती माझ्या पत्र्यासाठी घेतली होती. जे माझ्या भरवशावर आपला माणूस मागच्या सीटवर आडवा टाकतात, त्यांनी मला कधी विचारलं नाही, "गुरुजी, तुमचा विमा कोणता?" ते विचारणारही नाहीत. मग विचारायचं कोणी?

यातच पेट्रोलची गोष्ट येते आणि ती नीट सांगितली पाहिजे. दवाखान्यातून परतलं की माणसं हातात पाचशेची नोट कोंबतात. त्यांचं मन मोठं असतं, उपकार ठेवायचे नसतात. मी पहिल्यापासून घेत नाही, पण आता कारणही सांगतो. खासगी गाडी भाड्यानं चालवली असं निघालं तर कंपनी हात वर करू शकते, आणि पाचशेच्या नोटेपायी त्याच माणसाच्या घरच्यांचा हक्क बुडतो. हे समजावल्यावर कोणाला वाईट वाटत नाही. पैसे परत खिशात जातात आणि आठ दिवसांनी दारात तुरीच्या शेंगांचं गाठोडं येतं, लोटाभर दूध येतं, हुरड्याचं बोलावणं येतं.

आता माझ्याबद्दल. विम्याचा विचार करताना माणूस गाडीचं वय मोजतो, चालवणाऱ्याचं मोजायला त्याला जड जातं. गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत मी दिवेलागणीच्या वेळी घरी येत होतो. समोरून ट्रकचा लाईट आला आणि दोन-तीन क्षण मला फक्त पांढरं दिसलं. पांढरं ओसरलं तेव्हा बैलबंडी पुढ्यात होती. ब्रेक दाबला, तरी डाव्या बैलाच्या मागच्या पायाला लागलंच. बैल बसला. कास्तकार ओळखीचा होता, तो माझ्यावर रागावला नाही. "तुम्हाले लागलं त नाही ना गुरुजी?" एवढंच त्यानं विचारलं. मी तिथेच उभा राहून रडलो. पशुवैद्य आणला, औषधपाणी केलं, तो महिनाभर दुसऱ्याचा बैल लावून वाही करत होता त्याचं भाडं दिलं. बैल बरा झाला. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला थर्ड पार्टीत साडेसात लाखांपर्यंत सोय असते, आणि बैलजोडी आज लाखाच्या वर जाते, हे सगळं मला नंतर कळलं. पण तेव्हा माझ्या मनात विमा नव्हता. ती बंडी होती, आणि तिच्या जागी लेकरू असू शकलं असतं.

यंदा लायसनही संपणार होतं. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं, आणि त्यासाठी डॉक्टरांचा फॉर्म 1-ए लागतो. तालुक्यातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, सही केली, शिक्का मारला. डोळ्यांना बॅटरी लावली नाही, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली नाहीत. म्हणाले, "तुम्ही फिट आहात सर, बघूनच कळतं." मी तो कागद घेऊन बाहेर आलो आणि बाकावर बसून राहिलो. या सहीवर माझं लायसन उभं, लायसनवर विमा उभा आणि विम्यावर मागच्या सीटवरचा माणूस. मला ती सही हातात धरवेना. कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या आठवड्यात सेवाग्रामच्या दवाखान्यात डोळे दाखवायला गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजवा पिकलेला. जुलैत उजवा, सप्टेंबरात डावा केला. पट्टी काढल्यावर परतीच्या वाटेवर देवळीच्या पुढचं पळसाचं पान न् पान वेगळं दिसत होतं. किती वर्षं मी धुक्यातून गाडी हाकत होतो! फॉर्म मग डोळे तपासून नव्यानं भरून घेतला.

लायसनचं एवढं लावून धरतो त्याला कारण आहे. माझ्याबरोबर नोकरी केलेल्या एका गुरुजींचं लायसन दोन महिन्यांपूर्वी संपलेलं होतं, त्यांच्या ध्यानात नव्हतं. पूर्वी संपल्यावर तीस दिवसांची सवलत असायची, 2019 च्या दुरुस्तीत तीही गेली. त्यांच्या गाडीचा धक्का लागून मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. स्वतःच्या गाडीचा क्लेम तर नामंजूर झालाच, पण त्याहून वाईट म्हणजे जखमीला कंपनीनं भरपाईचे पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, असा निकाल झाला. गुरुजींनी तीन एकर विकायला काढलं. विम्याचा हप्ता त्यांनी वीस वर्षं एकदाही चुकवला नव्हता.

तर मी पुन्हा त्या पोराच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, थर्ड पार्टी नको, फुल कर. पण माझ्या हिशेबानं कर. गाडीच्या पत्र्याची मला फिकीर नाही, म्हणून मी आपणहून पाच हजारांपर्यंतचं नुकसान स्वतःकडे घेतलं, त्यानं हप्ता थोडा उतरला. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा ठेवला. दुसरीकडे तेवढ्याच रकमेचा असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही, माझा नव्हता. एक मात्र ध्यानात ठेवायचं, तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाचाच आहे, दवाखान्याचं बिल त्यातून निघत नाही. हाड मोडलं तर आरोग्य विमा वेगळा लागतो. आमच्या वयात हाड मोडणं हीच मोठी भीती. मागे बसणाऱ्यांसाठी नावं न घालता माणशी एक लाखाचा अपघात विमा जोडला. माझी चूक असो नसो, तेवढे तरी त्यांच्या घरी पोचतील.

रस्त्यावरच्या मदतीचं कलम घेतलं. पंक्चर झालं तर या गुडघ्यांनी जॅक लावून स्टेपनी बदलणं आता होत नाही. पण घेताना विचारलं की टोचन करून किती किलोमीटर नेणार, आणि गाडी डांबरी सोडून पांदणीवर बंद पडली तर येणार की नाही. हे विचारल्याशिवाय घेऊ नये. इंजिनात पाणी शिरण्याचं वेगळं कव्हर मात्र सोडलं. 2023 च्या जुलैत यवतमाळ शहरात पाणी घुसलं होतं ते आम्ही पाहिलंय, धोका खोटा नाही. पण रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, हा माझा नेम आहे आणि या नेमाला मी पक्का आहे.

शेवटी पोरानं विचारलं, "ड्रायव्हर ठेवता का गुरुजी? पगारी ड्रायव्हरची जबाबदारी पन्नास रुपयांत येते."

तो प्रश्न मी वर्षभर टाळत होतो. डोळे निवळले, पण रात्रीचा समोरचा उजेड अजूनही बोचतो. आणि हात पूर्वीसारखे झटकन वळत नाहीत, ते कुठल्याही ऑपरेशननं परत येणार नाही. मी म्हटलं, घाल पन्नास रुपये. गावातला एक पोरगा, ट्रॅक्टर चालवता चालवता चारचाकी शिकलेला. त्याला महिन्यानं पैसे ठरवले आणि पहिलं काम म्हणजे त्याचं लायसन हातात घेऊन तारीख वाचली. दिवस मावळला की गाडी त्याच्या हातात.

सगळं मिळून सव्वासहा हजार झाले. मुलाला सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मागच्या सीटचं मला ठाऊक नव्हतं, बाबा."

पॉलिसीचा कागद घरी आणला त्या रात्री बायकोला शेजारी बसवून वाचून दाखवला. वारसदार म्हणून तिचं नाव आहे. मी गेलो तर पॉलिसी लगेच संपत नाही, त्या दिवसापासून तीन महिने, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोवर चालते. तेवढ्यात गाडी आणि पॉलिसी नावावर करून घ्यायची. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, आणि तो वारसाला मिळू शकतो. हे मी तिच्या किराण्याच्या वहीत मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. तिनं ऐकून घेतलं, वही मिटली आणि म्हणाली, "नावावर करून मी काय करू जी? मले कुठी चालवता येते." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "पण असू द्या. रातच्याले कोणी आलं त गाडी त पायजेच."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलंच. रात्री अकरा वाजता तांड्यावरून, पहिलटकरीण. पोराला उठवलं. बायकोनं मागच्या सीटवर दुलई अंथरली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन स्वतः मागे बसली. मी पुढे, डाव्या बाजूला. त्या बाजूला बसायची मला सवय नाही, पाय सारखा नसलेल्या ब्रेककडे जात होता. फाट्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला दोन हिरवे डोळे चमकले. मी तोंड उघडणार, तोवर पोरानं आपणच गाडी हळू केली होती. रोही उभा राहिला, बघितलं, आणि तुरीत शिरला. मागून बायकोचा आवाज आला, "चालू द्या आता, कळा जवळ आल्या."